रागीच्या डब्यातला ओटीपी

माझ्या मुलाला कॅशबॅकचं वेड आहे. दारूचं नाही, पत्त्यांचं नाही, म्हणून मी गप्प बसते. पण मारतहळ्ळीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आज तीन इस्त्र्या आहेत आणि कपडे इस्त्रीला खालच्या गाडीवर जातात. का, तर तिसऱ्या इस्त्रीवर शंभराला दहा परत मिळत होते. “आई, ही जवळजवळ फुकट पडली,” म्हणतो. जवळजवळ फुकट पडलेल्या वस्तूंनी पलंगाखाली झाडू फिरवायला जागा उरली नाही. महिन्याचं बिल आलं की हाच माणूस दोन दिवस कुणाशी बोलत नाही.

तर मी जर्मनीला लेकीकडे जाणार असं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्याला झाला. बहिणीला बाळ होणार म्हणून झालाच असेल. पण डोळ्यांत जी चमक आली ती आईला नवीन कार्ड काढायचं म्हणून आली.

मला कार्ड कशाला पाहिजे होतं ते आधी सांगते. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं खायचं नाही. पाणीसुद्धा प्यायचं नाही. आता कोणी पाळत नाही म्हणतात. मी पाळते. लेकीच्या लग्नाला आठ वर्षं झाली. ती इथे बेळ्ळंदूरला राहायची तेव्हा मी थर्मास घेऊन जायची, कागदात गुंडाळलेली चपाती घेऊन जायची, तिच्या सोफ्यावर बसून स्वतःचं पाणी पिऊन घरी यायची. मधे दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नाही. मग जावयाच्या नोकरीपायी दोघं जर्मनीला गेली. आता सगळं नीट चाललेलं, सहावा महिना लागलेला, आणि डॉक्टरणीने तिला विमान बंद केलेलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. माहेरच उचलून विमानात बसवायचं ठरलं.

पण मी पोचणार बाळाच्या तीन आठवडे आधी. तीन आठवडे मी काय खाणार, काय पिणार? माझ्या पैशाचं. म्हणून कार्ड.

जावई फोनवर म्हणाला, “अत्ते, कार्ड वगैरे कशाला? मी आहे ना.” जावई आमच्यासारखाच इथला जुना मराठी, बोलतो अर्धं कन्नड, सासूला अत्ते म्हणतो. माणूस भला. तो आहे, हीच तर अडचण होती.

हे माझ्यात कुठून आलं तेही सांगते. माझं माहेर आनेकलकडचं. मला लग्नानंतर पाच वर्षं मूल नव्हतं. माझे वडील दोन-तीन महिन्यांनी बसने यायचे, सोबत रागीची भाकरी फडक्यात बांधून. रागी म्हणजे नाचणी, आम्ही रागीच म्हणतो. आणि एक तांब्या, त्याच्यात गावचं पाणी. आमच्या दारातल्या पायरीवर बसायचे, घरात यायचे नाहीत. माझ्याशी चार शब्द बोलायचे. मग बसस्टॉपवर जाऊन उन्हात उभं राहून भाकरी खायचे. मी खिडकीतून बघायची. असा मानी माणूस. ही गोष्ट मी चाळीस वर्षं सांगत आले, आणि सांगताना माझी मान ताठ व्हायची.

तर बँकेत गेलो. तिथली मुलगी गोड होती, कन्नडमध्ये मला अज्जी, अज्जी करत होती. काय काम करता म्हणाली. मी म्हटलं, चपात्या करते. एकतीस वर्षं. सकाळी चार घरं, संध्याकाळी तीन. तिने कॉम्प्युटरवर गृहिणी असं टाकलं. मग विचारलं, इन्कम? मी म्हटलं, आहे की. तिला कागद पाहिजे होता.

“चपातीची पावती कोण देतं, बाळ?” मी म्हटलं.

ती हसली, मीही हसले. पण कार्ड देत नाही म्हणाली. नवरा शिवणकाम करायचा. तो गेला तेव्हा मुलगा चौथीत आणि लेक बालवाडीत. त्या दिवसापासून दोघांची फी, भाडं, पुस्तकं, मुलाचं इंजिनीअरिंग, लेकीचं लग्न, सगळं लाटण्यातून निघालं. माझ्या उजव्या तळहाताला अजून घट्टा आहे. पण इन्कम नाही. मी म्हटलं, सरी, म्हणजे बरं, नाही तर नाही.

मग तिने दुसरी वाट दाखवली. अज्जीची एफडी आहे का? होती. दीड लाखाची. ती बँक धरून ठेवणार आणि तिच्यावर मला कार्ड देणार. म्हणजे बघा, माझेच पैसे कुलपात, त्या कुलपावर मला उधारी, आणि ती मी वेळेवर फेडली नाही तर व्याज मीच भरायचं. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांना या बँकेत मॅनेजर केलं असतं.

मुलगा म्हणाला, “आई, एवढं कशाला? माझ्याच कार्डावर तुझं एक जोडकार्ड काढतो. लगेच मिळेल.” मी म्हटलं, तुझ्या कार्डावर खर्च केला तर तो तुझा खर्च. माझा कसा? तो म्हणाला, आई, पैसा तो पैसाच. इंजिनीअरिंगला चार वर्षं घातली याची.

शेवटी एफडीवरचं ठरलं. पण ते कुठलं, हे ठरायला दोन महिने गेले.

दर रविवारी जेवण झालं की मुलगा लॅपटॉप उघडायचा. रंगीत चौकोन केलेले. हिरवे, पिवळे, लाल. हे कार्ड ऑनलाइन किराण्यावर शंभराला पाच देतं. ते वीजबिलावर देतं, पण पेट्रोलवर देत नाही. हे सोन्यावर देत नाही. मी म्हटलं, मी तिथे सोनं नि पेट्रोल घेणार नाही. त्याने ते दोन चौकोन काढले नाहीत. म्हणाला, राहू दे, कळायला बरं पडतं.

सून पुण्याची. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात जाते, जायला दीड तास, यायला दोन, अंतर म्हणाल तर चालत लवकर पोचेल. रविवारी तिला झोप पाहिजे असते, पण कार्डाचा विषय निघाला की तीही येऊन बसायची. तिचा जीव लाउंजवर. विमानतळावर म्हणे एक हॉल असतो, तिथे हे कार्ड दाखवलं की दोन रुपये कापतात आणि पोटभर जेवण देतात. मी विचारलं, दोन रुपयांत का देतात? देवस्थानाचं आहे का? ती म्हणाली, “नाही आई, बँक भरते.” ज्या बँकेला माझ्या एकतीस वर्षांच्या चपात्या दिसल्या नाहीत, ती मला दोन रुपयांत जेवू घालणार होती.

एका रविवारी दोघांचं चांगलंच वाजलं. मुलाला जास्त कॅशबॅकचं कार्ड पाहिजे होतं, सुनेला दुसरं, कारण ते परदेशात काही कापत नाही. कापतात म्हणजे काय, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. मी मुलाला लॅपटॉप मिटायला लावला. म्हटलं, नीट सांग. तिथे मी शंभराची वस्तू घेतली तर तुझं कार्ड माझ्याकडून वर किती घेणार?

“साडेतीन. आणि त्याच्यावर टॅक्स.”

“आणि परत किती देणार?”

“एक,” तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, “पण ऑनलाइन घेतलंस तर पाच.”

आमच्या गल्लीत पूर्वी एक चक्कीवाला होता. दळून देताना दोन मुठी पीठ मागे ठेवायचा, आणि निघताना हातावर चिमूटभर गूळ ठेवायचा. बायका म्हणायच्या, किती प्रेमळ. मी घरून दळण तोलून नेलं तेव्हापासून त्याने मला गूळ देणं बंद केलं. मी सुनेचं कार्ड घ्यायचं म्हटलं. मुलाचं तोंड उतरलं, म्हणून सुनेने शोधून दाखवलं की यावरही थोडा कॅशबॅक आहे. तेव्हा कुठे त्याने संध्याकाळचा चहा घेतला.

मी एवढंच म्हटलं, थोड्या तिथल्या नोटाही आणून दे. जवळ असलेल्या बऱ्या. तो म्हणाला, “आई, आता कोण नोटा नेतं? आणि नोटांवर कॅशबॅक नसतो.” दहा मिनिटं तो मला जग कुठे चाललंय ते सांगत होता. मीही मग सोडून दिलं.

कार्ड आलं. त्याच्यावर माझं नाव, इंग्रजीत. मी कन्नड शाळेत तिसरीपर्यंत गेलेली, इंग्रजी वाचता येत नाही, पण नाव आहे एवढं कळलं. कार्डाचं अ‍ॅप मुलाच्या फोनवर. मेसेज माझ्या फोनवर, बटणांचा छोटा फोन आहे त्याच्यावर, कारण बँकेत नंबर तोच दिलेला. प्रवासाला मुलाने मला मोठा फोन घेऊन दिला. त्याच्यावर चित्र दिसतं, लेक दिसते. तो फोनही जवळजवळ फुकट पडला.

आता पुढची चूक माझी आहे, ती मी कुणाच्या माथी मारत नाही.

आमच्या घरात मोलाची वस्तू रागीच्या डब्यात राहते. लग्नापासूनची सवय. रागीच्या पिठात हात घालायचा चोराला कंटाळा येतो, नवऱ्याला तर नक्कीच येतो. चपात्यांचे पैसे त्याच डब्यात साठले, मंगळसूत्र तिथेच असायचं, मुलाचं सर्टिफिकेट प्लास्टिकमध्ये गुंडाळून महिनाभर तिथे होतं. तर निघायच्या आदल्या दिवशी मी विचार केला, हा छोटा फोन म्हणजे बँकेची किल्ली. परदेशात कोणी खिशातून काढला तर? मी तो रुमालात बांधला, डब्यात खोल घातला, वर पीठ सारखं केलं. आणि कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर लपवलं कशाला.

विमानतळावर त्या लाउंजमध्ये गेले. रेशनच्या दुकानापेक्षा मोठी रांग. कोट घातलेले लोक दोन रुपयांच्या इडलीसाठी घड्याळ बघत उभे. एकाच्या हातात तीन कार्डं, कुठलं चालेल ते बघत होता, मला मुलाची आठवण झाली. माझं कार्ड पहिल्या झटक्यात चाललं. दोन रुपये. इडली गार होती. पण तिथे मी माझा थर्मास भरून घेतला, म्हणून ते दोन रुपये वसूल. मुलाचा मोठ्या फोनवर फोन आला, कार्ड चाललं का? चाललं म्हटलं. तो सुनेला ओरडून सांगताना ऐकू आला.

विमानात दिलेलं सगळं खाल्लं. तिकीट मुलाने काढलेलं, त्यामुळे ते मला चालतं.

तिथे शनिवारी दुपारी उतरले. जावई घ्यायला आलेला. वाटेतच म्हणाला, अत्ते, आधी दुकानात जाऊ, उद्या रविवार, सगळा देश बंद असतो. मला वाटलं थट्टा करतोय. रविवारी आमच्याकडे पुलाखालच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. पण खरंच होतं ते.

दुकान मोठं, स्वच्छ, कोणी ओरडत नाही. मी माझी वेगळी टोपली घेतली. स्वल्प तांदूळ, दही, पाव, केळी. पाण्याच्या सहा बाटल्या. जावयाने समजावलं, या पाण्यात बुडबुडे आहेत, त्यात नाहीत. मग म्हणाला, अत्ते, इथे नळाचंच पाणी चांगलं असतं, सगळे तेच पितात. मी म्हटलं, असेल. आमच्याकडे टँकरचं पाणी विकत, प्यायच्या पाण्याचा कॅन विकत. इथे नळाला फुकट चांगलं पाणी, आणि मी बाटल्या विकत घेत होते. त्याच्या तोंडावर काही दिसलं नाही. शिकलेला माणूस आहे, शहाणा आहे, गप्प राहतो.

पैसे द्यायची वेळ आली. मी कमरेच्या पिशवीतून कार्ड काढलं. दोन महिने ज्याच्यावर घरात भांडणं झाली, ते कार्ड मी त्या यंत्राला लावलं. यंत्राने टुक केलं आणि काहीतरी लिहून आलं. काउंटरवरच्या बाईने मान हलवली. मी पुन्हा लावलं. तिने पुन्हा मान हलवली. मग आत खुपसून झालं, पुसून झालं. मागे सात-आठ माणसं, सगळी छताकडे बघणारी.

जावयाने मागून फोन पुढे केला. “अत्ते, मी देतो. नंतर तुम्ही मला द्या.”

“नको.”

“निदान पाणी तरी,” तो म्हणाला.

मी नको म्हटलं. तांदूळ, पाव, दही, केळी त्या बाईने बाजूला घेतलं. पाण्याच्या बाटल्या मी स्वतः परत जागेवर नेऊन ठेवल्या. दुसऱ्याच्या दुकानात पसारा करून जायचं नाही. मग त्याने त्याचं सामान घेतलं आणि आम्ही गाडीत बसलो. घर येईपर्यंत तो रस्ता बघत राहिला. मीही खिडकीतून झाडं बघितली.

लेक दारातच उभी होती. पोट एवढं मोठं की मला तिला कुशीत घेता येईना, बाजूने घेतलं. चेहरा सुकलेला. आत गेले, बसले. ती म्हणाली, पाणी... आणि थांबली. मी थर्मास वर करून दाखवला. ती स्वयंपाकघरात गेली.

मुलाला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झालेली. त्याने अ‍ॅप उघडलं, खालपर्यंत बघितलं. मग म्हणाला, “आई, परदेशात वापरायचं बटण बंद आहे. ते सुरुवातीला बंदच असतं. चालू करावं लागतं.”

“दोन महिने तू काय करत होतास?”

“तुलना,” तो म्हणाला.

बटण चालू करायला एक नंबर येतो म्हणे, ओटीपी. तो येतो माझ्या छोट्या फोनवर. तीन मिनिटांत घालायचा, नाहीतर तो शिळा होतो. मुलाने विचारलं, छोटा फोन जवळ आहे ना? मी आधी पदर नीट केला. मग सांगितलं.

“रागीच्या डब्यात?” त्याने दोनदा विचारलं. पहिल्यांदा मला, दुसऱ्यांदा बहुतेक देवाला.

डबा उघडल्याचा आवाज आला. मग सून खोकली. कोपरापर्यंत हात घालून तिने फोन काढला. तो बंद. चार्जिंग गेलेलं. त्याचा चार्जर जाड पिनचा. घरात चार्जर सतरा, सगळे सवलतीत घेतलेले, एकही त्याला बसेना. आणि भोकात पीठ गेलेलं. मुलगा टाचणीने पीठ काढत मला म्हणाला, उद्या पुलाखालच्या दुकानातून चार्जर आणतो, तोवर तू तिथलंच खा ना, आई, एक दिवस. मी फोन लेकीच्या हातात दिला.

रात्री लेकीला मऊ भात आणि सार करून घातलं. जावयालाही वाढलं. मी माझ्या पिशवीतले चुरमुरे खाल्ले. चुरमुरे कोरडे असतात हे मला साठ-सत्तर वर्षं माहीत होतं, पण त्या रात्री जास्त कळलं. दोन घोट पाणी घेऊन झोपले. उपाशी झोपण्याची मला नवलाई नाही. नवरा गेला त्या वर्षी आठवड्यातून दोनदा तरी मी मुलांना, माझं लोकांकडे झालं, असं सांगायची. लोकांकडे चपात्या मोजून लाटायच्या असतात, हे मुलांना माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी दहाला थर्मास संपला. तरी मी तो जवळ ठेवून बसले. बारा वाजले असतील, जावई बाळाचा पाळणा जोडत आत बसलेला, लेक स्वयंपाकघरातून आली. हातात स्टीलचा पेला. तिच्या लग्नात मीच दिलेल्या सहांतला. तो तिने माझ्यासमोर ठेवला.

“आई, पी.”

“आहे माझ्याकडे.”

तिने थर्मास उचलला आणि हलवला. आवाज आला नाही. तो तिने खाली ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर हळूहळू बसली, पोटाला हात लावून.

“आठ वर्षं तू माझ्या घरात येऊन पाणी नको म्हणतेस,” ती म्हणाली. “सगळे म्हणतात, काय मानी बाई आहे. मला काय ऐकू येतं, तुला माहीत आहे? अजून नाही झालं, अजून नाही झालं. मी दोन वेळा दवाखान्यातून रिकामी घरी आले, आई. तू दोन्ही वेळा थर्मास घेऊन आलीस.”

मी म्हटलं, “अगं, आता तीन आठवडे राहिलेत. बाळ झालं की पिईनच.”

“आणि नाही झालं तर?”

एरवी मी म्हटलं असतं, असं अभद्र बोलू नये. त्या वेळी मी पेल्याकडे बघत बसले. ती रडत नव्हती. माझ्यासारखीच आहे, कोरडी बोलते.

माझ्या वडिलांच्या गोष्टीचा एक तुकडा मी चाळीस वर्षांत कुणाला सांगितलेला नाही. तिसऱ्या वर्षी एकदा मी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला नेऊन ठेवला होता. पायरीवर. त्यांनी बोटाने तो बाजूला सारला, प्रेमानेच. मी पेला उचलून आत आले तर सासूबाई दारामागे उभ्या. शेजारणीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, त्यांना पाणी विचारू नका, आमच्या सुनेमुळे त्यांचा उपास चाललाय. मी ते पाणी मोरीत ओतलं. वडील मानाने बसस्टॉपवर गेले. मी मोरीत उभी राहिले. मला तेव्हा मान-बिन काही नको होता. त्यांनी एक घोट घ्यायला पाहिजे होता, एवढंच.

मी लेकीकडे बघितलं नाही. पेला उचलला आणि प्याले. सगळा. गार होतं. आमच्या कॅनच्या पाण्याला प्लास्टिकचा वास असतो, याला कसलाच नव्हता.

लेक खिडकीकडे बघत होती. पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला तेव्हा तिने मान वळवली आणि म्हणाली, “अजून देऊ?”

“दे.”

ती उठायला लागली तेवढ्यात जावई आतून आला, हातात पाळण्याचा स्क्रू. त्याने पेला बघितला, माझ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. पेला घेऊन गेला आणि भरून आणला. मग स्क्रूकडे बघत म्हणाला, “अत्ते, ऊटा माडोणा?” म्हणजे जेवू या का.

तिघं जेवायला बसलो आणि मोठा फोन वाजला. मुलगा. आवाजावरून वाटलं लॉटरी लागली. चार्जर मिळाला, फोन सुरू झाला, पहिला ओटीपी शिळा झाला, दुसरा सुनेने पिठाच्या हाताने चुकीचा दाबला, तिसरा लागला. बटण चालू. “आई, आता काय पाहिजे ते घे,” तो म्हणाला. “आणि बाहेरच्या खरेदीवर या आठवड्यात कॅशबॅक जास्त आहे.”

मी म्हटलं, “आज सगळं बंद आहे, रे.”

“मग तू काय खातेयस?”

“वरण-भात. तुझ्या बहिणीकडचा.”

मग मागून सुनेचा आवाज आला, आई काय म्हणाल्या? त्याने तिला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. मी फोन पालथा ठेवला, भात गार होत होता.

पुढच्या आठवड्यात कार्डाचं पहिलं बिल आलं. मुलाने वाचून दाखवलं. दोन रुपये. ती लाउंजची गार इडली. मी विचारलं, याच्यावर कॅशबॅक किती? तो म्हणाला, आई, एवढ्या कमी रकमेवर देत नाहीत. मी म्हटलं, सरी. आणि लेकीला हाक मारली, पाणी आण गं म्हणून. तिला उठायला वेळ लागतो आता, म्हणून मग मीच उठले आणि नळावरून घेतलं.